डावीकडे शून्य

६ मार्च

सकाळी चहा गाळताना आठवलं. सातवीत, कॉन्व्हेंटच्या जेवणघरात, मी आणि रीता समोरासमोर. जेवताना बोलायचं नाही, हसायचं नाही. सिस्टर डोळे मिटून प्रार्थना म्हणत होत्या, तेवढ्यात एक मांजर येऊन त्यांच्या खुर्चीवर बसलं. सिस्टर मांजरावर बसल्या. आधी कोण ओरडलं, मांजर की सिस्टर, यावर आमचं अजून एकमत नाही. रीताच्या नाकातून वरण आलं. मी भात खात राहिले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्या महिन्याच्या कार्डावर 'कंडक्ट'पुढे मला एक्सलंट. रीताला काय मिळालं ते ती आजही सांगत नाही.

हे आठवत होते तेव्हा कप हातातून पडला. उजव्या हाताला थोड्या मुंग्या होत्या, पण तो प्रश्नच नाही. कप निसरडा होता. कलाबाई भांडी घासायची नवी पावडर वापरते. तिला सांगितलं. ती म्हणाली, "पावडर मागच्याच दुकानची हाय बाई. कपच तुमाले कंटाळला असन."

ठराव: कप नेहमी दोन्ही हातांनी धरणे. जपानी लोक धरतातच.

७ मार्च

निकेशचा नागपूरहून फोन. तेच. आई, पोंभुर्ण्याला एकटी किती दिवस राहणार, इथे खोली तयार आहे, खिडकीतून मेट्रो दिसते. मी म्हटलं, माझ्या खिडकीतून साग दिसतो, आणि तो वेळापत्रक बघून जात नाही.

शेवटी तह झाला. निकेशची शाळेतली मैत्रीण माधवी आता चंद्रपूरला मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉक्टर आहे. ती साठीपुढच्या लोकांवर एक अभ्यास करतेय. तिथे तपासणी करायची. रिपोर्ट चांगला आला तर निकेश नागपूरचं नाव काढणार नाही. वाईट आला तर मी ऐकायचं.

मी लगेच हो म्हटलं. परीक्षेला मी कधी घाबरलेले नाही.

९ मार्च

माधवीनं फोनवर सगळं नीट समजावलं. गोड मुलगी. लहानपणी माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. म्हणाली, "काकू, मास्कमधून थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा देतो. अगदी थोडा, काही त्रास नाही. आणि कानशिलाला यंत्र लावून मेंदूतलं रक्त किती वेगानं वाहतं ते बघतो. त्या गॅसमुळे वेगात किती बदल होतो, ते मोजायचं."

बदल किती होतो ते मोजायचं, म्हटल्यावर पुढचं ऐकायची गरज उरली नाही. ती बोलत होती, मी हं हं म्हणत होते. म्हणजे कंडक्टचीच परीक्षा. बाहेर काहीही होवो, आत हलायचं नाही. मांजर असो की गॅस.

रीतालाही नाव द्यायला लावलं. तिला एकटं कशाला सोडायचं. आणि तुलनेला कोणीतरी हवंच.

१० मार्च

तयारीचा आराखडा. एक, श्वास रोखणे, सकाळ-संध्याकाळ. दोन, दुपट्टा तोंडाला गच्च गुंडाळून घरात वावरणे. आपलाच सोडलेला गॅस आपल्याला परत मिळतो, सवय होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायका उन्हाळाभर तोंड बांधून स्कूटी चालवतात, म्हणजे आम्ही सगळ्या अर्ध्या तयारीतच असतो. पुण्याच्या बायकांना हे जमणार नाही. तीन, गोटी सोडा. सोड्यात निव्वळ कार्बन डायऑक्साइड. रोज एक बाटली पोटात गेली की मेंदूला त्याचं काही वाटेनासं होईल. हे मी स्वतः शोधलं. माधवीला अजून सांगितलेलं नाही, तिच्या अभ्यासात आयता मुद्दा मिळेल.

कलाबाईनं मला दुपट्ट्यात, नाक दाबून, डोळे मिटून बसलेलं बघितलं. म्हणाली, "बाई, नाक दाबून काऊन बसून राह्यल्या? कोणाची वास येते काय?" मी सांगितलं, परीक्षा आहे. तिला ते पटलं नाही. दुपारी तिनं तिच्या जावेला सांगितलं की बाई उपास करून राह्यल्या, हवेचा.

१५ मार्च

प्रगती उत्तम. सोड्याची सवय होतेय. ढेकर मात्र फार. विहारात आनापानाचा, म्हणजे श्वासावरच्या ध्यानाचा, वर्ग घेताना दोनदा आला. मी तो श्वासाचाच एक प्रकार म्हणून पुढे नेला.

वर्गात एक गंमत झाली. 'आता श्वासाकडे लक्ष द्या' म्हणायचं होतं आणि 'श्वास' हा शब्दच सापडेना. जिभेवर होता, पण उतरेना. दोन-तीन मिनिटं मी हातानंच नाकाकडे खुणा केल्या. विहाराचं काम बघणाऱ्या अंजनाबाई समोरच बसल्या होत्या, त्यांना वाटलं त्यांच्या नाकातली चमकी पडली. त्या चटईखाली शोधू लागल्या. मग सगळ्याच शोधू लागल्या. तोवर शब्द आला.

मौनाचा परिणाम खोल होतो हे मी नेहमी सांगते. आज प्रात्यक्षिक झालं.

२१ मार्च, रात्री

छोटा अपघात. अपघात म्हणणंही जास्त होईल.

सुकरीनं वळणावर रस्त्याच्या कडेला मोहफुलं वाळत घातली होती. दरवर्षी घालते. तो वास आला की मला आलापल्लीचं क्वार्टर आठवतं. हे रेंजर होते, जीपमधून उतरायचे तर शर्टाला मोहाचाच वास, आणि मी म्हणायचे आधी आंघोळ, मग लाड. तर त्या आठवणीत मी वळले आणि उजव्या हातानं ब्रेक दाबला. म्हणजे दाबलाच. पण स्कूटीनं ऐकलं नाही. सरळ मोहफुलांच्या मधून गेलो, मी आणि स्कूटी, आणि पलीकडच्या तणसाच्या ढिगात थांबलो. काही लागलं नाही.

सुकरी कंबरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "बाई, एवढा मोठा रस्ता. तुमाले माहेच मोहं दिसले काय?" मी खाली बसून तिच्याबरोबर फुलं गोळा करू लागले, पण उजव्या हाताच्या चिमटीत फूल धरलं जाईना. डाव्यानं केली. सुकरी म्हणाली, "राहू द्या जी, तुमी गोळा करान तोवर पुढचा मोहं फुलन."

बिरजूच्या गॅरेजमध्ये स्कूटी दिली. ब्रेकची वायर ढिली असणार. बिरजूनं दोनदा चालवून बघितली आणि म्हणाला, "मॅडम, ब्रेक त एकदम बराबर हाय. मीच उलटून पडलो असतो एवढा टाइट हाय." बिरजू चांगला मुलगा आहे, पण जुन्या गाड्यांचं त्याला कळत नाही.

संध्याकाळपर्यंत हात ठीक. निकेशला सांगण्यासारखं काही नाही.

२५ मार्च

परीक्षा परवा. रीताला फोन केला, काय तयारी केलीस. ती म्हणाली, "कशाची तयारी, जो? श्वास घ्यायचा आणि सोडायचा. साठ-पासष्ट वर्षं करतेय." शाळेपासून ती मला जोच म्हणते. मला तिची दया आली. अभ्यास न करता परीक्षेला जायची तिची सवय जुनीच.

मनाची तयारीही हवी. गॅस आला की मेंदूला उत्साह येणार, तेव्हा त्याला कंटाळवाणं काहीतरी द्यायचं. यादी केली: सतराचा पाढा, नळपट्टीची नोटीस, निकेशच्या सासऱ्यांचं काशीच्या सहलीचं वर्णन.

२७ मार्च, रात्री जेवणाआधी

जिंकले.

सविस्तर लिहिते. सकाळच्या बसनं चंद्रपूर. खोलीत तंत्रज्ञ संघपाल. "जय भीम मॅडम," म्हणाला, मी "जय भीम बेटा," आणि पहिल्या क्षणापासून आमचं जमलं. त्यानं आधी रीताला बसवलं. डोक्याला पट्टा, दोन्ही कानशिलांना जेली, त्यावर यंत्राची टोकं. आणि मग आवाज. मी थक्क झाले. मेंदूतल्या रक्ताचा आवाज होतो. सुपात तांदूळ पाखडल्यासारखा, फस्स, फस्स, नाडीच्या तालात. इतकी वर्षं हिच्या डोक्यात कोणीतरी तांदूळ पाखडतंय आणि मैत्रीण असून मला पत्ता नाही.

मग मास्क. गॅस सुरू झाला आणि रीताचा मेंदू बेभान. पाखडणं जोरात, पडद्यावरच्या रेषा उंच उंच. दोन्ही बाजूंना पन्नास टक्क्यांच्या वर. तिला स्वतःवर जराही ताबा नाही. संघपाल मात्र हसून म्हणाला, "मस्त हाय मॅडम, एकदम मस्त." मुलगा सभ्य आहे, नापासालाही हसून सांगतो.

मग मी. आत येण्याआधी खबरदारी म्हणून एक गोटी सोडा घेतला होता. त्यामुळे मास्क लावताच एक ढेकर आला, मास्कमध्येच, आणि गॅस मोजायचं यंत्र पिपी करून बंद पडलं. संघपालनं ते पुन्हा चालू केलं. मला वाटतं ते माझ्या तयारीची पातळी पाहून दबलं.

गॅस आला. छातीत किंचित भरल्यासारखं झालं. मी सतरा एके सतरा. सतरा चोक अडुसष्टला नळपट्टी. त्यापुढे काशी. उजवी बाजू थोडी घसरली, तीसेक टक्के वर गेली. माझी उजवी बाजू कायम भावनाप्रधान. पण डावी. डावीकडे शून्य. रेघ हलली नाही. तांदूळ जसे पाखडले जात होते तसेच.

संघपालचं हसू थांबलं. त्यानं टोक सरकवलं, पुन्हा केलं. शून्य. तिसऱ्यांदा केलं. शून्य, किंवा त्याच्याही खाली एक. तो उठून माधवीला घेऊन आला. माधवीनं आणखी दोन ज्युनियर डॉक्टर बोलावले. चौघं माझ्या डाव्या बाजूकडे बघत उभे होते. आदर असाच असतो.

माधवीनं विचारलं, "काकू, उजव्या हातात कधी बधिरपणा? बोलताना शब्द अडकतो? कधी हातातून काही पडलं?" मी म्हटलं नाही. अशा यशाच्या वेळी ब्रेकची वायर आणि भांड्यांची पावडर कशाला काढायची.

म्हणाली, येत्या आठवड्यात पुन्हा या, आणि निकेशला घेऊन या. हे नक्कीच फोटोसाठी. किंवा अभ्यासात माझं उदाहरण छापायचं असेल, त्याला घरच्यांची संमती लागत असेल.

बसमध्ये रीता गप्प होती. मी तिला म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस, प्रत्येकाचा मेंदू वेगळा. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू पुन्हा डॉक्टरला विचार, जो. नीट विचार." हरलेल्या माणसाला थोडा वेळ द्यावा.

२८ मार्च

पेढे वाटले. कलाबाई, सुकरी, बिरजू, विहारातल्या सगळ्या. कलाबाईनं विचारलं, कायचे पेढे? मी म्हटलं, डावीकडे शून्य आलं. ती म्हणाली, "आमच्या पोराले गणितात आलतं तवा त मी झाडू घेतला होता." तिला संदर्भ नाही.

चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात मन शांत ठेवण्यावर बोलायचं ठरवलं. अंजनाबाईंनी माझं नाव पत्रिकेत घातलं. विषय: 'अचल मन: एक अनुभव'.

निकेशला फोटोच्या दिवशी चांगला शर्ट घालायला सांगितला. त्यानं विचारलं, कसला फोटो. त्याचा आवाज जरा बसलेला वाटला. नागपूरची हवा.

२ एप्रिल

मोरपंखी साडी नेसून गेले. कोणाकडे कॅमेरा नव्हता.

माधवीनं मला आणि निकेशला समोर बसवलं. टेबलावर कागद ठेवून दोन नळ्या काढल्या. लहान असताना ती माझ्याकडे अशीच चित्रं काढून शब्द पाठ करायची. म्हणाली, "काकू, कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या नळ्या रुंद व्हायला हव्यात. रक्त वाढायलाच हवं. जेवढं वाढेल तेवढं चांगलं."

मी म्हटलं, वाढायला हवं?

"हो. रीताकाकूंचं वाढलं, तसं."

मी विचारलं, मग हे आधी का नाही सांगितलं. ती म्हणाली, "सांगितलं होतं काकू, फोनवर." ते हं हं मला आठवलं. मी म्हटलं, मग माझाच दोष, मी फार तयारी केली. सोड्याचं, दुपट्ट्याचं, सतराच्या पाढ्याचं सगळं सांगितलं. माधवी हसली, पण डोळे हसले नाहीत. म्हणाली, पाढ्यानं नळी थांबत नाही. डाव्या बाजूच्या नळ्या आधीच होतील तेवढ्या रुंद होऊन बसल्यात, कारण खालून, मानेतल्या मोठ्या नळीतून, रक्तच कमी येतंय. त्यांच्याजवळ शिल्लक काही उरलेलं नाही.

निकेश टेबलाकडे बघत होता. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना बघायचा तसा. फक्त या वेळी पुस्तक माझं होतं.

मी म्हटलं, परीक्षा पुन्हा घ्या. नियम चुकीचा समजून दिलेली परीक्षा धरत नाहीत. माधवी म्हणाली, मानेची सोनोग्राफी तर करायचीच आहे, त्या दिवशी हेही करू.

ठराव: या वेळी वाढवायचं. डावीकडे रीताच्या वर न्यायचं.

३ एप्रिल

नवी यादी. उत्साह येईल अशा गोष्टी. सोडा बंद.

यादी करायला बसले आणि दुपार कशी गेली कळलं नाही. हसत होते. कलाबाई म्हणाली, "मागचं शून्य डोक्यात गेलं काय बाई?" मी तिला बसवून सिस्टर आणि मांजराची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की पदर तोंडात घातला. म्हणाली, "अन् तुमी हसल्या नाई? काऊन जी? फुकटचं होतं ना."

७ एप्रिल

आधी मानेची सोनोग्राफी. थंड जेली, अंधारी खोली. करणारी मुलगी डाव्या बाजूला जास्त वेळ थांबली. मी कारण विचारलं नाही.

मग संघपाल. पट्टा, टोकं, मास्क. त्यानं माझ्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, "मॅडम, तुमी फक्त आरामात श्वास घ्या. काईच करू नका." पण मी तयारीनिशी आले होते.

गॅस आला आणि मी सुरू केलं. सिरोंच्याला बदली झाली त्या वर्षी ह्यांनी मला गोदावरीत डोंग्यात बसवलं होतं. नावाडी तेलुगूत काहीतरी म्हणाला, हे हसले, आणि काय म्हणाला ते मला कधीच सांगितलं नाही. मग निकेश पहिल्यांदा चालला तो, आलापल्लीच्या क्वार्टरच्या ओट्यावर, कोंबडीच्या मागे. मग मोहाच्या वासाचा शर्ट, आणि आधी आंघोळ म्हणून मी ढकलायचे ते, आणि न ढकललेला तो एक दिवस. मग मांजर. या वेळी मी हसले. मास्कमध्येच, इतक्या वर्षांनी, पोट दुखेपर्यंत. संघपालही हसू लागला, कशाला ते त्याला माहीत नसताना.

उजवीकडे रेषा उंच गेल्या. तांदूळ जोरात पाखडले जाऊ लागले.

डावीकडे मी ऐकत राहिले. डोंगा, कोंबडी, शर्ट, सगळं पुन्हा एकदा लावून बघितलं. फस्स, फस्स. होतं तसंच.

माधवी आत आली तेव्हा मी आपणहूनच सांगितलं. कप, श्वास हा शब्द, सुकरीची मोहफुलं, हाताची चिमटी. निकेश दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. तो म्हणाला, "आई, मला फोन का नाही केलास." मी म्हटलं, वायर ढिली होती.

९ एप्रिल

मानेतली डावी नळी बरीच बंद झाली आहे. नागपूरला ऑपरेशन. माधवी म्हणते लवकर, आणि झाल्यावर माझ्यासारख्या अनेकींची रेघ पुन्हा हलू लागते. अनेकींची म्हणाली, सगळ्यांची नाही. मी ऐकून घेतलं. आता ऐकते.

निकेशनं तहाची आठवण काढली नाही. त्यानं नुसतं सांगितलं की खोली तयार आहे.

अंजनाबाईंनी विचारलं, चौदा तारखेच्या भाषणाचं काय. मी म्हटलं, विषय मागे घेते. त्यांनी सुचवलं, रीताबाईंना बोलवू का. मी म्हटलं बोलवा, तिला विषय द्यायची गरज नाही, ती तशीच बोलेल.

११ एप्रिल, सकाळी

निकेशची गाडी थोड्या वेळात येईल. चार दिवसांचाच प्रश्न आहे. फार तर आठ. तरी मागे गोंधळ नको म्हणून लिहून ठेवते.

फ्रीजमधली लोणची कलाबाईला. फ्रीज बंद राहिला की वास येतो, म्हणून फ्रीजही कलाबाईला.

स्कूटी बिरजूला. उभी राहिली तर बॅटरी जाते. ब्रेक चांगले आहेत.

मोठ्या दोन पराती आणि गच्चीवरची ताडपत्री सुकरीला, मोहफुलांसाठी. तिनं ती रस्त्यावर घालू नयेत. वळणावर तर अजिबात नको.

कुंड्यांना रोज पाणी लागतं, आणि कोणी कोणाच्या घरी रोज येत नसतं. अंजनाबाईंनी कुंड्या आपल्या अंगणात न्याव्यात. मोगरा सावलीत ठेवू नये.

इंग्रजीची पुस्तकं विहाराच्या कपाटात. डिक्शनरीही. तिथल्या मुलींनी मोठ्यानं वाचावं.

शिवणयंत्र कलाबाईच्या जावेला. तिला वाटतं मी हवेचा उपास करते. ते तसंच राहू द्यावं.

ह्यांची खाकी टोपी संघपालला. त्याला कारण विचारावंसं वाटलं तर सांगावं की मॅडम हसल्या तेव्हा तो हसला.

मोरपंखी साडी रीताला. तिला तो रंग शोभत नाही, पण तिनं नेसावी.

पलंग, टेबल, पंखे आहेत तिथेच. कोणी हलवू नयेत, मी आल्यावर लागतील.

किल्ल्या दोन. एक रीताकडे. दुसरी मी पर्समध्ये घेऊन चालले आहे. निकेशला द्यायची नाही.